चालवायला एक तास पुरला, बाळगायला वर्ष लागलं

गेली सोळा वर्षं मी डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवते आहे. आमचा सहा जणांचा गट आहे. रविवारी पहाटे निघायचं, एक मोठा चढ, धारेवरून थोडं आडवं आणि मग मनसोक्त उतार. या गटात पहिली ई-बाईक, म्हणजे पॅडल मारताना मोटरीची मदत देणारी सायकल, आली तेव्हा सगळ्यांत कडाडून विरोध मी केला होता. आज माझ्या स्वतःच्या ई-बाईकला चौदा महिने झाले. मधे काय काय झालं ते घडलं तसं लिहिते आहे, कारण "घ्यावी का?" हे मला हल्ली दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं आणि दोन वाक्यांत त्याचं उत्तर देता येत नाही. चालवून बघायला मला एक तास पुरला. ती बाळगायची म्हणजे काय, हे कळायला वर्ष गेलं. आणि या दुसऱ्या भागाबद्दल आपण सायकलवाले फार कमी बोलतो.

सुरुवात काकांपासून झाली. गटातले सगळ्यांत वडीलधारे, म्हणून आम्ही सगळेच त्यांना काका म्हणतो. त्यांच्या हृदयाच्या एका धमनीत स्टेंट बसवावा लागला आणि नंतर डॉक्टरांनी बजावलं की नाडी मिनिटाला १२५ च्या वर जाऊ द्यायची नाही. आमचा पहिला चढ छातीवरचा आहे. साध्या सायकलवर तिथे दोन मिनिटांत नाडी दीडशेला टेकते. आठ महिने काका आलेच नाहीत. मग एका रविवारी आले ते ई-बाईक घेऊन.

मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलले. चढ हा कमवायचा असतो, फुकट मिळालेल्या उताराला चव नसते, हा पहिला मुद्दा. मोटरीच्या जोरावर फिरणारं चाक वाट उखडून टाकेल, हा दुसरा. तिसरा मला सगळ्यांत जास्त टोचत होता: आपल्याला रानात येऊ देतात ते सायकल म्हणून. उद्या कुणी म्हणालं की यांच्याकडे मोटरी आहेत, तर दार सगळ्यांनाच बंद होईल, माझ्या साध्या सायकलीलासुद्धा. काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तू म्हणतेस ते खरंही असेल. पण मग मला दुसरा रस्ता सांग." माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता. त्या दिवशी मी चढावर त्यांच्या पुढे राहायचा आटोकाट प्रयत्न केला आणि वर पोचल्यावर त्यांच्याशी नीट बोललेही नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चढ कमवण्याच्या मुद्द्याबद्दल पुढे थोडं वाचलं. माउंटन बायकिंगचा जन्म सांगताना कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळच्या रिपॅक नावाच्या उताराचं नाव निघतंच. तिथली पहिली शर्यत ऑक्टोबर १९७६ मधली. जो ब्रीझ, चार्ली केली, गॅरी फिशर ही मंडळी जुन्यापुराण्या जड सायकली पिकअप ट्रकमध्ये टाकून वर न्यायची आणि खाली सुसाट सोडायची. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या मध्यातल्या (हबमधल्या) ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून नाव रिपॅक. चढाची अट या लोकांनी घातलेली नव्हती. ती मी घातली होती. मला ती आजही प्रिय आहे, पण आता ती मी दुसऱ्यावर लादत नाही.

दोनेक महिन्यांनी काकांनीच एकदा सायकल माझ्या हातात दिली. "एक तास घेऊन जा. नंतर शिव्या दे."

आमच्या चढात एक उजवं वळण आहे. वळणाच्या ऐन पोटात वीतभर उंचीची दगडाची पायरी, तिच्यावर तिरकी गेलेली दोन मुळं, आणि त्यानंतर लगेच घसारा. साध्या सायकलवर सोळा वर्षांत मी ते पाय न टेकता दहा-बारा वेळाच पार केलं असेल. तिथे पोचेपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात, डोळ्यांसमोर अंधारी येत असते, आणि पायरी दिसली की उरलासुरला जोर लावून धडकायचं, एवढंच सुचतं.

ई-बाईकवर मी सवयीने तेच केलं. पायरीपाशी येऊन पॅडलवर सगळं वजन टाकलं. मागचं चाक घसाऱ्यात गर्रकन फिरलं, पुढचं उचललं गेलं आणि मी आडवी. जोर कमी पडत नव्हता, जास्त होत होता. दुसऱ्यांदा सॅडलच्या टोकावर सरकून, कोपर खाली घेऊन, हलका गिअर टाकून गेले. या वेळी पॅडल दगडावर आपटलं. तिसऱ्यांदा पुरता फेरा न मारता पाव-पाव फेऱ्यांनी पाय चालवले. तेव्हा एक गंमत लक्षात आली. पाय थांबल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते. पॅडल खाली जाऊन दगडाला लागेल अशा जागी पाय आडवे ठेवून थांबायचं आणि त्या क्षणभराच्या ढकलण्यावर पुढचं चाक पायरी चढवायचं. चौथ्यांदा पाय न टेकता मी वर गेले. नाडी तेव्हाही १५८ होती.

त्या तासात माझा मोठा गैरसमज दूर झाला. मला वाटत होतं की ई-बाईक म्हणजे बसायचं आणि वर जायचं. प्रत्यक्षात पाय थांबला की क्षणभरात मदतही थांबते. पॅडलच्या आसाजवळचा सेन्सर पायाचा जोर सतत मोजतो, आताच्या चांगल्या मोटरींत सेकंदाला हजारावर वेळा, आणि त्या जोराच्या पटीत मोटर स्वतःचा जोर मिसळते. कायदाही तिला याच चौकटीत ठेवतो. युरोपात मोटरीची नियमित शक्ती २५० वॉटपर्यंत आणि मदत ताशी २५ किलोमीटरला बंद. अमेरिकेत क्लास १ साठी, म्हणजे पॅडल मारलं तरच मदत करणाऱ्या ई-बाईकसाठी, ७५० वॉट आणि ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर. हँडलवर मूठ पिळून पळणारी गाडी ही वेगळी चीज आहे, आणि ती पायवाटेवर येऊ नये असं माझं आजही ठाम मत आहे.

आणखी एक कळलं, ते सांगायला जरा अवघड आहे. सोळा वर्षं मी उतार वाचत आले. कुठून शिरायचं, कुठे वजन टाकायचं, कुठला दगड सुटा आहे. चढ मी कधी वाचलाच नव्हता. तो नुसता सोसत होते. मोटरीने सोसण्यातला थोडा भार उचलल्यावर चढाकडे डोळे उघडे ठेवून बघता आलं.

तरीही विकत घ्यायला त्यानंतर सहा महिने गेले. मन तयार होतं, पण व्यायाम बुडेल ही धास्ती होती. त्या काळात ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१९ चा एक छोटा अभ्यास वाचला. मुरलेल्या ३३ माउंटन बायकर्सना एकाच वाटेवर दोन्ही सायकली चालवायला दिल्या होत्या. ई-बाईकवर त्यांची सरासरी नाडी साध्या सायकलवरच्या नाडीच्या ९४ टक्के भरली. गमतीचा भाग असा की त्यातल्या बहुतेकांना स्वतःला मात्र तो खरा व्यायाम वाटलाच नव्हता. मी काकांची सायकल तीन बुधवार मागून घेतली आणि छातीचा पट्टा लावून आमच्याच फेरीवर मोजलं. साध्या सायकलवर सरासरी १५१, ई-बाईकवर मधल्या मोडमध्ये, म्हणजे मोटरीची मदत मध्यम ठेवून, १३९. म्हणजे ९२ टक्के. फरक इतकाच की साध्या सायकलवर सत्तर मिनिटांत एक फेरी होते, ई-बाईकवर दोन होऊन तिसरी सुरू होते. कामाच्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातात तेवढीच सत्तर मिनिटं असतात. निर्णय तिथे झाला.

घेताना दोन तऱ्हा समोर होत्या. एक हलकी: सोळा ते एकोणीस किलो, ५०-६० न्यूटन-मीटर टॉर्क (मोटरीचा फिरवण्याचा जोर), लहान बॅटरी. दुसरी पूर्ण ताकदीची: बावीस ते पंचवीस किलो, ८५ किंवा त्याहून जास्त न्यूटन-मीटर, ६०० वॉट-अवरच्या वरची बॅटरी. मी दुसरी घेतली. माझी भरते साडेतेवीस किलो, बॅटरी ६२५ वॉट-अवरची. एवढी बॅटरी असली की चिंता मिटली, असा हिशोब होता. आज पुन्हा घ्यायची झाली तर मी हलकी घेईन, आणि त्याचं कारण पुढे येतंच.

पहिले दोन महिने मधुचंद्राचे. मग चेन तपासायची पट्टी लावली. साध्या सायकलवर मी वर्षाला एक चेन बदलते. इथे अकराव्या आठवड्यात पट्टी ०.५ च्या खुणेवर सहज आत गेली, म्हणजे चेन झिजलेली. माझ्या पायाचा जोर आणि मोटरीचा जोर, दोन्ही त्याच बारीक कड्यांतून मागच्या चाकाला पोचतात, मग दुसरं काय होणार? त्यात मी भर चढावर, पूर्ण जोर लावलेला असताना गिअर बदलत होते. "खडाक" असा आवाज यायचा आणि मला तो सायकलचा गुण वाटायचा. गिअर टाकण्याआधी अर्धा फेरा पाय सैल सोडायचा, ही सवय मला ई-बाईकने लावली. मागचे ब्रेक पॅड निम्म्या वेळात संपले. मागचा टायर पातळ कडांचा होता. दगडावर रिम आपटून दोनदा फाटला, आणि दुसऱ्यांदा आतलं पंक्चर बुजवणारं सीलंट सगळं पायावर. जाड कडांचा टायर टाकल्यावर तो त्रास थांबला. या गोष्टी कुणी आधी सांगत नाही, पण त्या सुधारता येतात, म्हणून त्यांचं मला फारसं वाटत नाही.

बॅटरीचं तसं नव्हतं. तिथे मी चांगलीच अडकले.

थंडीतली पहाट, तापमान ४ अंश. सायकल रात्रभर बाहेरच्या शेडमध्ये, बॅटरी तिच्यातच. निघताना स्क्रीनवर दिसत होतं की अजून ४१ किलोमीटर जाल. मी निर्धास्त सगळ्यांत वरच्या मोडमध्ये निघाले, कारण त्या दिवशी गटातले दोन तगडे तरुण पुढे होते आणि त्यांना गाठायचं होतं. स्क्रीनवरचा आकडा मागच्या काही किलोमीटरांवरून पुढचा अंदाज बांधतो. मागचे किलोमीटर सपाटीचे होते, पुढे उभा चढ. बघता बघता ४१ चे १९ झाले, १९ चे ६. शेवटच्या खिंडीला २४० मीटर चढ उरला असताना मोटर बंद पडली.

बंद पडलेली ई-बाईक चालवता येते, पण एवढं वजन घेऊन त्या उभ्या चढावर माझा दम पुरेना. उतरून ढकलायला लागले. ढकलताना ताशी ६ किलोमीटरपर्यंत मदत करणारं बटण असतं, पण तेही बॅटरीवरच चालणारं. वाटेत एक झाड आडवं पडलं होतं, खोड माझ्या कमरेएवढं. साधी सायकल मी खांद्यावर टाकून असं खोड न थांबता ओलांडते. इथे आधी पुढचं चाक टेकवलं, मग खाली शिरून मागून उचलायला गेले, हँडल फिरलं आणि सगळा भार मनगटावर आला. तिथे बसून राहिले. शेवटी बॅटरी काढून पलीकडे ठेवली, साडेतीन किलो वजन कमी केलं, आणि सायकल आडवी करून खोडावरून घसरवत नेली. फ्रेमवर तिथला ओरखडा अजून आहे.

घरी आल्यावर पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसले. मी ६२ किलो, सायकल साडेतेवीस, पाणी आणि हत्यारं धरून सगळं मिळून ९० किलो. एवढं वजन हजार मीटर वर चढवायला, माती, वारा, घर्षण काहीच नसेल असं धरलं तरी २४५ वॉट-अवर ऊर्जा लागते. ती कुठून तरी यावीच लागते, थोडी माझ्या पायातून, उरलेली बॅटरीतून. उतारावर परत काही भरत नाही, कारण माउंटन बाईकच्या पॅडलपाशी बसवलेल्या मधल्या मोटरीला उतरताना चाक फिरवतच नाही. तेव्हापासून मी किलोमीटर बघत नाही, चढाचे मीटर बघते. माझ्या वजनाला, आमच्या वाटेवर, सगळ्यांत खालच्या मोडमध्ये एका चार्जला साधारण २,२०० मीटर, सगळ्यांत वरच्या मोडमध्ये १,३०० च्या आसपास. थंडीत त्याहून कमी. बॅटरी आता घरात झोपते. भिजल्या किंवा गारठल्या अवस्थेत लगेच चार्जिंगला लावत नाही, गोठणबिंदूखाली तर मुळीच नाही. आठवडाभर सायकल काढणार नसेन तर ती पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवते, शंभरवर भरून कोपऱ्यात सोडत नाही.

दूरच्या डोंगरात सायकल विमानाने न्यायचा बेत होता, तोही इथेच संपला. प्रवासी विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. ६२५ चा प्रश्नच येत नाही.

नवव्या महिन्यात मोटर गेली. अगदी साध्या फेरीत, स्क्रीनवर एक आकडा आला आणि मदत बंद. बंद करून चालू केली, बॅटरी काढून लावली, तोच आकडा. सेवा केंद्रात नेली. त्यांनी लॅपटॉपला जोडली, दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं, मोटर बदलावी लागेल, वॉरंटीत आहे, पैसे पडणार नाहीत. मी विचारलं, झालं काय? बेअरिंग? पाणी शिरलं? सेन्सर? त्यांना सांगता येईना, कारण ती उघडायची नसते. बंद डबा पाठवायचा, दुसरा बंद डबा येतो. तो यायला पाच आठवडे लागले.

पैसे गेले नाहीत, कुणी उद्धटपणे बोललं नाही, तरी मी त्या दिवशी खूप अस्वस्थ होऊन घरी आले. का, ते समजायला वेळ लागला. माझी साधी सायकल मी स्वतः पूर्ण खोलून पुन्हा जोडलेली आहे. हबचे बेअरिंग मी बदलले, ब्रेकचं तेल मी भरलं, पुढच्या फोर्कच्या सील मी घातल्या, पहिल्यांदा चुकीच्या घातल्या म्हणून दुसऱ्यांदा पुन्हा घातल्या. रानात चेन तुटली तर जोडकडी माझ्या खिशात असते. त्या सायकलीत असं एकही अंग नाही जे मला कळत नाही. माझ्या लेखी सायकल "माझी" असण्याचा अर्थ हाच होता. ई-बाईकच्या पोटात जी वस्तू आहे तिच्यापुढे माझे हात काहीच करू शकत नाहीत, आणि आज वॉरंटी आहे म्हणून ठीक, ती संपल्यावर काय? दहा वर्षांनी या मोटरीचे भाग कुणी देईल का, या बॅटरीच्या मापाची बॅटरी कुणी बनवेल का? माझी जुनी सायकल अकरा वर्षांची आहे आणि आजही तिला लागेल तो भाग मिळतो. उत्पादकांनी मोटर दुरुस्त करता येईल अशी बनवावी, बेअरिंग आणि सील सुटे विकावेत, आणि भाग किती वर्षं मिळतील ते विकतानाच लिहून द्यावं. ई-बाईकवाल्यांनी आवाज उठवायचाच असेल तर तो यासाठी उठवावा असं मला कळकळीने वाटतं. चढ कमवला की नाही यावर आपण तासन् तास भांडतो, आणि या प्रश्नावर कुणी चकार शब्द काढत नाही.

त्या पाच आठवड्यांत मी जुन्या सायकलवर परतले. पहिल्या रविवारी मोठा चढ चढायला ३४ मिनिटं लागली. ई-बाईक घेण्याआधी ३१ लागायची. दम पुरत होता, नाडी ठीक होती, पण मांड्यांतला तो शेवटचा चिवटपणा गेला होता. नाडीचा आकडा सगळं सांगत नाही, हे अंगाला कळलं. पाचव्या आठवड्यात ३२ वर आले. मोटर बदलून आल्यावर मी स्वतःला नियम घातला: रविवार जुन्या सायकलचा, बुधवार ई-बाईकचा. ॲलन हॅदर्ली या दक्षिण आफ्रिकी खेळाडूची गोष्ट मला इथे फार आवडते. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने २०१९ मध्ये कॅनडात मॉन्ट-सेंट-ॲन इथे ई-माउंटन बाईकची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा भरवली, ती पुरुषांत त्याने जिंकली. आणि २०२४ मध्ये साध्या माउंटन बाईकवर क्रॉस-कंट्रीचा जगज्जेताही तोच झाला. मोटर हाती आली म्हणजे पाय गेले, असं बोलणाऱ्यांना मी हे सांगते.

वाट उखडण्याच्या मुद्द्यावर माझं मत अर्धं बदललं. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने २०१५ मध्ये एक छोटी चाचणी केली होती. पॅडल मारून चालणाऱ्या ई-बाईकने हललेली माती साध्या सायकलीच्या जवळपासच निघाली, मोटरसायकलने मात्र कितीतरी जास्त. एका फेरीपुरतं हे मला पटतं. पण मी वाटेची डागडुजी करणाऱ्यांतली आहे, आणि मला दिसतं ते असं: चाक तेवढंच झिजवतं, फेऱ्या मात्र दुपटीने वाढल्या. पावसानंतरच्या ओल्या मातीत तर हा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून वाट ओली असेल तेव्हा मी ई-बाईक काढत नाही, आणि ज्यांना दोन तासांत चार फेऱ्या मारायला मिळतात त्यांनी महिन्यातून एक सकाळ फावडं धरावं, असं गटात ठरवून घेतलं आहे. कुदळ, करवत, पाण्याचे कॅन आता माझ्या पाठीवरून वर जातात. पूर्वी चौघांत वाटून न्यावे लागायचे आणि वर पोचेपर्यंत काम करायचं त्राण उरायचं नाही.

पण ज्या गोष्टीचा मी आधी विचारच केला नव्हता ती चालणाऱ्यांची. उतारावर माणूस दिसला की वेग कमी करायचा, थांबायचं, वाट द्यायची, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. चढावर ती सवय कुणालाच नाही, कारण साधी सायकल चढावर चालणाऱ्यापेक्षा जरा वेगात असते आणि तिचं धापा टाकणं दहा पावलांवरून ऐकू येतं. एका संध्याकाळी मी ताशी पंधराच्या वेगाने एक वळण चढून आले आणि समोर एक वयस्कर बाई, पाठमोऱ्या, हातात काठी. मी ब्रेक दाबला, मधे दोन हात अंतर होतं. त्या दचकून बाजूच्या झुडपात सरकल्या. पडल्या नाहीत. मी उतरले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बाळा, खालून कुणी येईल असं कधी वाटलंच नाही गं." त्यांचा हात थरथरत होता, आणि काठीचं टोक दगडावर टकटक वाजत होतं. हँडलवर घंटी त्याच आठवड्यात आली. आंधळ्या वळणाआधी मी आता मोड खाली आणते, चढ असला तरी. माझा तिसरा मुद्दा, दार बंद होण्याचा, आजही तितकाच खरा आहे, आणि ते दार अशाच एखाद्या संध्याकाळी बंद होईल.

काका आणि मी आता बरोबर चढतो. ते मधल्या मोडमध्ये, नाडी १२० च्या खाली. मी रविवारी जुन्या सायकलवर, १६० ला. ते बोलतात, मी हुंकार देते. वर पोचल्यावर मी त्या पहिल्या रविवाराबद्दल त्यांची माफी मागितली, फार उशिरा मागितली. ते म्हणाले, "अगं, तू भांडलीस म्हणून तर मी सायकल तुझ्या हातात दिली. जे गप्प बसले त्यांना कुठे दिली?"

मागच्या बुधवारी गटातल्या सगळ्यांत धाकट्याने, बावीस वर्षांचा आहे, विचारलं, "ताई, मी घेऊ का ई-बाईक? एकदा चालवून बघू?" मी त्याला सायकल दिली, सॅडल त्याच्या उंचीला लावून दिली, गिअर टाकताना पाय सैल सोड एवढं सांगितलं आणि त्याची साधी सायकल धरून खाली थांबले. वीस मिनिटांनी तो परत आला, चेहरा फुललेला, उजवं वळण पहिल्याच फटक्यात निघालं म्हणून सांगत. मी म्हटलं, आता दुसरी परीक्षा. बॅटरी बंद केली आणि त्याला धारेच्या मागच्या बाजूने त्या आडव्या खोडापर्यंत घेऊन गेले. ते खोड अजून कुणी कापलेलं नाही, गटाच्या कामाच्या यादीत मात्र आहे.

"हे ओलांड," मी म्हटलं.

त्याने पुढचं चाक उचलून खोडावर टेकवलं, मग खाली वाकून मागून हात घातला. हँडल फिरलं. तो थांबला, सायकल परत खाली ठेवली, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ताई, बॅटरी कुठून निघते?"